भरलेली कोठारे आणि पोटाची गोष्ट : ‘कोरिओलेनस’च्या पहिल्या प्रवेशाचा प्रकरण अभ्यास

विल्यम शेक्सपिअरचे ‘कोरिओलेनस’ हे नाटक साधारण १६०८ च्या सुमारास लिहिले गेले आणि १६२३ च्या पहिल्या फोलिओत, म्हणजे त्याच्या नाटकांच्या संग्रहात, प्रथम छापले गेले. त्याचा आरंभ राजवाड्यात होत नाही किंवा रणांगणावरही होत नाही. काठ्या, सोटे आणि हाताला लागेल ते हत्यार घेऊन रोमचे उपाशी नागरिक रस्त्यावर उतरले आहेत, आणि त्यांच्यातला एक जण इतरांना विचारतो आहे की उपासमारीने झिजून मरण्यापेक्षा लढून मरायची सगळ्यांची तयारी आहे ना. मार्शियस (यालाच पुढे ‘कोरिओलेनस’ हे नाव मिळते) हा जनतेचा मुख्य शत्रू आहे, त्याला मारले की धान्य आपल्या भावाने मिळेल, असे तो म्हणतो. मेनेनियस हा वयस्कर उमराव येतो आणि जमावाला शरीराच्या अवयवांनी पोटाविरुद्ध केलेल्या बंडाची गोष्ट सांगून शांत करू पाहतो. मग मार्शियस येतो, शिव्या घालतो, आणि जाता जाता कळते की लोकांना धान्य नव्हे, तर पाच ट्रिब्यून, म्हणजे स्वतःचे प्रतिनिधी, देण्यात आले आहेत.

या अभ्यासाचा विषय एवढा एकच प्रवेश आहे. त्याला केवळ प्रस्तावना मानून पुढे जाण्याची सवय मोठी आहे, कारण नाटकाचा नायक मार्शियस असून त्याचा अहंकार, त्याची आई आणि त्याचा शेवट यांकडेच लक्ष वेधले जाते. माझे म्हणणे असे आहे की शेक्सपिअरने भुकेला जाणूनबुजून पहिल्या जागेवर आणले, भुकेल्या माणसाच्या तोंडी सुसंगत युक्तिवाद घातला, आणि त्या युक्तिवादाला नाटकात कोणालाही उत्तर देऊ दिले नाही.

मूळ कथेत काय होते

कथानकाचा आधार प्लुटार्क या प्राचीन ग्रीक चरित्रकाराने लिहिलेले कोरिओलेनसचे चरित्र हा आहे. शेक्सपिअरच्या हाताशी ते टॉमस नॉर्थच्या १५७९ च्या इंग्रजी भाषांतरातून आले होते. प्लुटार्कच्या कथेत रोमच्या सामान्य लोकांचा पहिला उठाव सावकारीविरुद्ध आहे. युद्धात लढून आलेली माणसे कर्जापायी गुलाम म्हणून धरून नेली जात होती आणि सिनेट सावकारांचीच बाजू घेत होते, म्हणून लोक शहर सोडून पवित्र टेकडीवर जाऊन बसले. मेनेनियस अग्रिपाने पोटाची गोष्ट सांगितली ती तिथे, त्या कर्जबाजारी लोकांना. समेट झाला आणि ट्रिब्यून नेमले गेले. धान्याची टंचाई त्यानंतर, कोरिओलाय शहर जिंकून झाल्यावर येते, आणि तिचे कारणही साधे आहे: लोक शहराबाहेर बसले होते त्या काळात शेते नांगरली गेली नव्हती.

शेक्सपिअरने हे दोन प्रसंग एकात मिसळले. सावकारीची तक्रार त्याने एका वाक्यापुरती ठेवली आणि धान्य आघाडीवर आणले. शेते पडीक राहिल्याचे कारण त्याने पूर्ण गाळले. हा बदल वरवर पाहता रंगभूमीच्या सोयीचा वाटतो, कारण दोन उठावांऐवजी एक दाखवणे सुटसुटीत असते. पण त्याचा परिणाम फार दूरवर जातो. प्लुटार्ककडे टंचाईला लोकही काही अंशी जबाबदार आहेत. नाटकातला नागरिक मात्र ठामपणे सांगतो की आम्ही उपाशी आहोत आणि त्यांची कोठारे धान्याने ठासून भरली आहेत. त्यांच्याकडे उतू जाते तेवढे जरी त्यांनी खराब होण्याआधी आम्हाला दिले असते, तरी आम्ही तगलो असतो. आमचा हडकुळेपणा ही जणू त्यांच्या समृद्धीची यादीच आहे, आमचे सोसणे हा त्यांचा नफा आहे, असे तो म्हणतो. आणि लगेच पुढे: देवाला ठाऊक आहे, हे मी भाकरीच्या भुकेने बोलतो आहे, सुडाच्या तहानेने नव्हे.

या बोलण्यात आक्रस्ताळेपणा कुठेही नाही. टंचाई आणि सुबत्ता या दोन वेगळ्या गोष्टी नसून एकीतून दुसरी निर्माण होते, हे अर्थकारण एक अनाम नागरिक मांडतो आहे. शेक्सपिअरने त्याला नावही दिलेले नाही, फक्त ‘पहिला नागरिक’.

हा भाव कुठून आला

‘आपल्या भावाने धान्य’ ही मागणी लंडनच्या प्रेक्षकाला नवी नव्हती. इंग्लंडमध्ये १५९४ पासून सलग चार हंगाम बुडाले होते. जून १५९५ मध्ये साउथवर्कच्या बाजारात उमेदवार कारागीर पोरांनी लोणी ताब्यात घेतले, आणि विक्रेते पौंडभर लोण्याला ५ पेन्स मागत असताना ३ पेन्स दराने पैसे मोजून ते नेले. ही लूट नव्हती. त्या काळच्या धान्यदंगलींचा हाच नमुना वारंवार दिसतो: जमाव माल अडवतो, त्याला रास्त वाटणारा भाव ठरवतो आणि ती रक्कम देतो. नाटकातले नागरिकही फुकट धान्य मागत नाहीत, ते स्वतः ठरवलेल्या दराने मागतात, आणि मार्शियसने तुच्छतेने सांगितलेल्या त्यांच्या मागणीत ‘शहरात साठा भरपूर आहे असे ते म्हणतात’ हेही येते.

टंचाई कोणामुळे, या प्रश्नावर सरकारची भूमिका दुहेरी होती आणि इथे ती नीट पाहणे आवश्यक आहे. एकीकडे चर्च सांगत होते की दुष्काळ ही पापांची शिक्षा आहे. १५९६ मध्ये बुधवार आणि शुक्रवारचे रात्रीचे जेवण वर्ज्य करून वाचलेले अन्न गरिबांना द्यावे, असे आदेश निघाले. दुसरीकडे १५८७ मध्ये प्रथम काढलेली आणि नव्वदच्या दशकात पुन्हा जारी केलेली आज्ञावली होती. तिच्यानुसार प्रत्येक परगण्यातल्या न्यायाधिकाऱ्यांनी खासगी कोठारांतल्या धान्याची मोजदाद करायची, घरखर्चापुरते आणि बियाण्यापुरते सोडून बाकीचे बाजारात आणायला लावायचे, आणि साठेबाज व दलालांना आवरायचे होते. म्हणजे टंचाई माणसांच्या हावरेपणाने वाढते, हे राज्यकर्त्यांनीच कागदावर मान्य केले होते. नाटकात मेनेनियस म्हणतो की ही टंचाई देवांनी आणली, पॅट्रिशियनांनी, म्हणजे उमरावांनी, नाही, तेव्हा हात उगारू नका, गुडघे टेका. पहिला नागरिक आज्ञावलीच्या बाजूने बोलतो. एकाच सरकारचे दोन तोंडांनी केलेले बोलणे शेक्सपिअरने दोन पात्रांत वाटून दिले आहे.

‘श्रीमंतांविरुद्धचा प्रत्येक हितकारक कायदा रोज रद्द केला जातो’ ही त्या नागरिकाची आणखी एक तक्रार आहे. रोमपेक्षा ती इंग्लंडला जास्त लागू पडते. नांगरटीखालची जमीन कुरणाखाली जाऊ नये यासाठीचे जुने कायदे १५९३ च्या संसदेने चालू ठेवले नाहीत. लागोपाठ हंगाम बुडाल्यावर १५९७–९८ मध्ये तशाच आशयाचे कायदे पुन्हा करावे लागले, पण मधल्या काळात मध्य इंग्लंडात गायरानांना कुंपणे पडली होती आणि शेतांच्या जागी मेंढ्या चरू लागल्या होत्या.

त्याचा स्फोट १६०७ मध्ये झाला. एप्रिलच्या अखेरीस नॉर्दम्प्टनशायरमध्ये सुरू झालेला उठाव वॉरिकशायर आणि लेस्टरशायरमध्ये पसरला. लोक जमावाने येत, कुंपणे उपटत, चर बुजवत. समकालीन वृत्तांतांत हिलमॉर्टन येथे तीन हजार आणि कॉट्सबाख येथे पाच हजार लोक जमल्याचे आकडे येतात. जॉन रेनल्ड्स नावाचा भांडी दुरुस्त करणारा एक फिरता कारागीर त्यांचा पुढारी होता. त्याच्या कमरेच्या चामडी थैलीमुळे त्याला ‘कॅप्टन पाउच’ म्हणत, आणि या थैलीत तुमचे सर्वांपासून रक्षण करील असे काही आहे, असे तो अनुयायांना सांगत असे. तो पकडला गेल्यावर थैली उघडली तेव्हा आत चीजचा एक तुकडा निघाला. ८ जून रोजी नॉर्दम्प्टनशायरमधल्या न्यूटन येथे जमीनदारांच्या माणसांनी जमावावर हल्ला केला. स्थानिक लष्करी तुकड्या लोकांवर शस्त्र धरायला कचरत होत्या, म्हणून जमीनदारांना घरचे नोकरचाकर जमवावे लागले. चाळीस-पन्नास माणसे तिथेच मारली गेली आणि नंतर अनेकांना फाशी झाली.

या उठावातला एक कागद शिल्लक आहे. स्वतःला ‘डिगर्स’, म्हणजे खोदणारे, म्हणवणाऱ्या वॉरिकशायरच्या लोकांनी इतर परगण्यांतल्या खोदणाऱ्यांना लिहिलेले हे पत्र आहे. आम्ही संपूर्ण शरीराचे अवयव या नात्याने या अतिक्रमण करणाऱ्या जुलमी लोकांची झळ सोसत आहोत, ते आमचे मांस दारिद्र्याच्या सहाणेवर घासत आहेत, असे त्यात म्हटले आहे. पुढे ते म्हणतात की हे लोक आपल्या धष्टपुष्ट डुकरांना आणि मेंढ्यांना जे खाऊ घालतात त्याच्याच अभावी कणाकणाने झिजून मरण्यापेक्षा मर्दासारखे मेलेले बरे. शेक्सपिअरने हे पत्र वाचले होते असा दावा मी करणार नाही. तो वॉरिकशायरचा होता आणि तिथे त्याची जमीनजुमला होती, एवढे पुरेसे आहे. पण नाटकाच्या सुरुवातीचे झिजून मरण्याविषयीचे वाक्य आणि या पत्रातले वाक्य शेजारी ठेवली की एकाच परगण्यातल्या एकाच तक्रारीचे बोलणे ऐकू येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शरीर आणि अवयव यांचे रूपक इथे उपाशी माणसे वापरत आहेत. ज्या प्रतिमेने त्यांना गप्प बसवले जात असे तीच त्यांनी आपल्या हक्कासाठी उचलली होती.

पोटाची गोष्ट

आता मेनेनियसच्या गोष्टीकडे वळू, कारण या प्रवेशाचा सगळा भार तिच्यावर आहे. अवयव पोटावर आरोप करतात की आम्ही पाहतो, ऐकतो, चालतो, काम करतो आणि हे मात्र मध्यभागी आळसात पडून अन्न गिळत राहते. पोट उत्तर देते: खरे आहे, सगळ्यांचे अन्न आधी माझ्याकडे येते, आणि ते योग्यच आहे, कारण मी साऱ्या शरीराचे कोठार आहे, पण ते मी रक्ताच्या नद्यांतून हृदयापर्यंत, मेंदूपर्यंत, बारीकातल्या बारीक शिरेपर्यंत पोहोचवतो, हिशेब करून पाहा, सगळ्यांना माझ्याकडून पीठ मिळते आणि माझ्या वाट्याला उरतो तो कोंडा. मेनेनियस निष्कर्ष काढतो की सिनेटर म्हणजे हे पोट आणि तुम्ही बंडखोर अवयव.

प्लुटार्कच्या प्रसंगात ही गोष्ट शोभून जाते. कर्जाने गांजलेल्या लोकांना राज्यातल्या परस्परावलंबनाची आठवण करून देणारे ते रूपक आहे, आणि ऐकणारे अन्नाबद्दल भांडतच नसल्याने रूपकातले अन्न रूपकच राहते. शेक्सपिअरने प्रसंग बदलला आणि गोष्ट तशीच ठेवली. त्यामुळे रूपकातले कोठार खऱ्या कोठारावर जाऊन आदळते. श्रोते उपाशी आहेत, त्यांची तक्रार नेमकी हीच आहे की कोठारे भरलेली असून वाटप होत नाही, आणि त्यांना सांगितले जाते की पोट हे कोठार आहे व ते सतत वाटप करत असते. जे घडत नाही म्हणून माणसे रस्त्यावर आली तेच घडते आहे असे गृहीत धरून गोष्ट पुढे सरकते. शरीरातले पोट अन्न अडवून ठेवूच शकत नाही. रोममधल्या कोठाराला कुलूप लावता येते. या फरकावर मेनेनियस एक शब्दही बोलत नाही.

पहिला नागरिक मुकाट ऐकत नाही, हीसुद्धा शेक्सपिअरची भर आहे. तो मध्येच बोलतो, मुकुटधारी मस्तक, जागरूक डोळा, सल्लागार हृदय, सैनिक बाहू अशी यादी स्वतःच पुरी करतो, पाणकावळ्यासारख्या अधाशी पोटाने या सर्वांना अडवले तर काय, असे विचारतो, आणि पोटाने काय उत्तर दिले ते लवकर सांगा म्हणून टोकतो. त्याला हे रूपक पाठ आहे. मेनेनियसची अडचण अशी की श्रोता त्याच्याइतकाच शिकलेला निघाला. गोष्ट संपल्यावर या नागरिकाचे मन वळल्याचे कुठेही दिसत नाही. उलट मेनेनियसच त्याला या जमावाचा पायाचा अंगठा म्हणून हिणवतो. युक्तिवाद संपला की अपमान सुरू होतो, हा क्रम मला या प्रवेशातला सर्वांत सूक्ष्म निवाडा वाटतो.

धान्याऐवजी काय मिळाले

मार्शियस येऊन सांगतो की शहराच्या दुसऱ्या भागातल्या जमावाने भुकेच्या नावाने म्हणी उगाळल्या: भूक दगडी भिंती फोडते, कुत्र्यालाही खावे लागते, अन्न तोंडासाठीच असते, देवांनी धान्य फक्त श्रीमंतांसाठी पाठवले नाही. तो त्या तिरस्काराने उच्चारतो, पण रंगभूमीवर त्या उच्चारल्या जातात, आणि लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात १ पेनी देऊन अंगणात उभ्या राहणाऱ्या प्रेक्षकाला त्या ऐकू येतात. त्या काळी पावाचा भाव कायम ठेवून धान्याच्या दराप्रमाणे पावाचे वजन कमी-जास्त केले जाई; १ पेनीचा पाव महागाईत हातात लहान होत जाई. नाटकासाठी दिलेली पेनी आणि पावाची पेनी एकाच खिशातून येत होती.

मार्शियसच्या तोंडूनच कळते की लोकांची एक विनंती मान्य झाली आहे: पाच ट्रिब्यून. धान्याचा त्यात उल्लेख नाही. भुकेल्यांच्या तोंडाला पाने पुसली गेली असे म्हणणे मात्र अपुरे ठरेल, कारण ट्रिब्यूनपद ही खरी सत्ता आहे आणि पुढे तीच मार्शियसला शहराबाहेर काढते. तरीही पोटाच्या मागणीला पदाने उत्तर दिले गेले, आणि त्या पदावर बसलेले ब्रूटस व सिसिनियस धान्याविषयी फारसे बोलत नाहीत. त्यांचे लक्ष निवडणुकीवर आहे.

तेवढ्यात रोमचे शत्रू असलेल्या व्होल्सी लोकांनी शस्त्र उचलल्याची बातमी येते आणि मार्शियस खूश होतो. आता आपला बुरसटलेला फाजील साठा बाहेर काढायला वाट मिळेल, असे तो म्हणतो. तो माणसांविषयी बोलतो आहे. पण बुरसटतो तो दाणा. उपाशी माणसे त्याला कोठारात पडून बुरशी आलेल्या धान्यासारखी दिसतात. लगेच तो आणखी म्हणतो की व्होल्सींकडे धान्य पुष्कळ आहे, या उंदरांना तिथे नेऊन त्यांची कोठारे कुरतडू द्या. रोमच्या कोठारांचा प्रश्न शत्रूच्या कोठारांकडे वळवला जातो.

धान्य पुढे खरोखर वाटले जाते, पण ते रंगमंचावर दिसत नाही. तिसऱ्या अंकात ब्रूटस ठपका ठेवतो की लोकांना फुकट धान्य दिले तेव्हा तू कुरकुरलास, आणि मार्शियस आपले मत पुन्हा ठणकावतो: असे धान्य देऊन आपण आज्ञाभंगाला पोसले, राज्याच्या नाशाला खाऊ घातले. युद्धाला बोलावले तेव्हा हे लोक वेशीबाहेर पडायला तयार नव्हते, मग धान्य कशाच्या बदल्यात? भाकरी हे सेवेचे वेतन आहे, जगण्याचा हक्क नाही, ही त्याची भूमिका आहे आणि तो ती न लपवता मांडतो. मेनेनियसच्या गोष्टीच्या तुलनेत ती क्रूर आहे, पण निदान तिला प्रश्न समजला आहे.

चौथ्या अंकात हद्दपार मार्शियस फाटक्या वेषात अँटियम या व्होल्सींच्या शहरात त्यांचा सेनापती ऑफिडियस याच्या दाराशी उभा राहतो. आत मेजवानी चालू आहे, वास छान येतो आहे, पण आपण पाहुण्यासारखे दिसत नाही, असे तो स्वतःशी म्हणतो, आणि नोकर त्याला हाकलू लागतात. पाचव्या अंकात व्होल्सींचे सैन्य घेऊन रोमवर चालून आलेल्या मार्शियसची मनधरणी करायला मेनेनियस निघतो. आधीच्यांना नकार मिळाला याचे कारण तो देतो ते असे: त्याने जेवण केलेले नसणार, शिरा रिकाम्या असल्या की रक्त थंड असते, देण्याची किंवा क्षमा करण्याची वृत्ती नसते, पोट भरले की मन मऊ होते. उपाशी जमावाला गोष्ट सांगून घरी पाठवू पाहणारा हाच माणूस आहे. स्वतःच्या वर्गातल्या एका माणसाची भूक त्याला लगेच समजते.

सेन्सॉर आणि रोम

हे सगळे बोलू दिले गेले कसे, हा प्रश्न उरतो. ‘सर टॉमस मोर’ या अनेक हातांनी लिहिलेल्या नाटकाच्या हस्तलिखितावर दरबारी परीक्षक एडमंड टिल्नीचा शेरा आहे की दंगा पूर्ण वगळा आणि त्याचे कारणही वगळा. त्या हस्तलिखितातला शेक्सपिअरच्या हातचा मानला जाणारा भाग लोणी, पीठ आणि गोमांसाच्या चढ्या भावांनीच सुरू होतो. लंडनचा दंगा लंडनमध्ये दाखवणे धोक्याचे होते. शेकडो मैलांवरचा, दोन हजार वर्षांपूर्वीचा रोम दाखवता येत होता. त्याआधीच्या ‘हेन्री सहावा’च्या दुसऱ्या भागात बंडखोर जॅक केड अर्ध्या पेनीचे सात पाव एका पेनीला देण्याचे आश्वासन देतो, तेव्हा प्रेक्षकाने हसावे अशी योजना आहे. ‘कोरिओलेनस’मधल्या नागरिकाला हसण्याची सोय शेक्सपिअरने ठेवलेली नाही.

लेखकाचे स्वतःचे धान्य

या प्रकरणाची शेवटची बाजू लेखकाच्या घरातली आहे. ४ फेब्रुवारी १५९८ रोजी स्ट्रॅटफर्डमध्ये धान्य आणि माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, यांच्या साठ्याची नोंद झाली. वर सांगितलेल्या मोजदादीचाच तो भाग होता. चॅपल स्ट्रीट विभागात शेक्सपिअरच्या नावावर १० क्वार्टर, म्हणजे ८० बुशेल माल्ट नोंदलेले आहे. माल्ट करणे हा त्या गावाचा मुख्य धंदा होता, तेव्हा एवढ्यावरून त्याला साठेबाज ठरवणे अन्यायाचे होईल. पण त्याच जानेवारीत गावातल्या अब्राहम स्टर्लीने रिचर्ड क्वायनीला लिहिलेल्या पत्रात लोकांचे बोलणे उतरले आहे: माल्टवाल्यांना गळ्यात दोर घालून नेता येईल, त्यांना त्यांच्याच दारात फासावर लटकलेले पाहता येईल, अशी आशा माणसे व्यक्त करत होती. ते दार शेक्सपिअरचेही असू शकले असते. १६०५ मध्ये त्याने ४४० पौंड देऊन आसपासच्या शेतांतल्या धान्याच्या आणि गवताच्या दशमांशातला (मुळात चर्चसाठी असलेल्या उत्पन्नाच्या दहाव्या भागातला) हिस्सा घेतला, म्हणजे धान्य पिकण्यात त्याचा थेट आर्थिक संबंध आला.

म्हणून पहिल्या नागरिकाचे भाषण मी लेखकाचा कबुलीजबाब म्हणून वाचत नाही, आणि लोकांची बाजू घेणारे पत्रक म्हणूनही वाचत नाही. ज्या घरांवर आरोप होत होता त्याच घरांपैकी एकात राहून तो आरोप लक्षपूर्वक ऐकलेल्या आणि त्याचे बळ कमी न करता लिहून काढलेल्या माणसाचे ते काम आहे. त्याच्या व्यवहारात हे धैर्य दिसत नाही. १६१४ मध्ये वेलकम येथील खुल्या शेतांना कुंपण घालण्याचा बेत झाला, तेव्हा ऑक्टोबरमध्ये त्याने आपल्या दशमांशाचे नुकसान झाल्यास भरपाई मिळेल असा करार करून घेतला. गावाच्या नगरसभेने बेताला विरोध केला. जानेवारी १६१५ मध्ये स्ट्रॅटफर्ड आणि बिशप्टनच्या स्त्रियांनी आणि मुलांनी खणलेले चर बुजवले, आणि त्याच वसंतात वॉरिकच्या न्यायालयात मुख्य न्यायाधीश एडवर्ड कोक यांनी कुंपणाला मनाई केली.